नत्राचे खनिजीकरण (कोकणातील शेतजमिनींत)

पालापाचोळा, शेण, धसकटे, पेंड अशा सेंद्रिय अवशेषांतला नत्र सूक्ष्मजीवांच्या हातून पिकाला घेता येईल अशा रूपात सुटा होण्याची क्रिया. अवशेषांतला बहुतेक नत्र प्रथिनांत अडकलेला असतो. जिवाणू आणि बुरशी ती फोडतात, अमोनियम सुटते; जमिनीत हवा खेळती असेल तर दुसरे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पाणी साचलेल्या खाचरात क्रिया बहुतांशी अमोनियमपाशीच थांबते. भाताचे नायट्रेटवाचून अडत नाही, कारण त्याची मुळे अमोनियम सरळ उचलतात.

सूक्ष्मजीव हे काम स्वतःच्या पोटासाठी करतात, म्हणून हिशेब त्यांच्या बाजूने मांडावा लागतो. त्यांच्या शरीरात कर्ब (कार्बन) व नत्राचे प्रमाण साधारण ८:१ असते आणि खाल्लेल्या कर्बापैकी दोनतृतीयांश श्वसनात जातो. म्हणजे २४ भाग कर्बामागे त्यांना १ भाग नत्र लागतो. १०० किलो सुक्या पेंढ्यात सुमारे ४० किलो कर्ब आणि जेमतेम ०.६ किलो नत्र असतो. गरज १.७ किलोची, तूट ते जमिनीतूनच भरून काढतात. न कुजलेला पेंढा वाफ्यात गाडला की रोपे पिवळी पडतात ती यामुळे. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या हिरवळीच्या खताच्या झाडाच्या) तेवढ्याच सुक्या पाल्यात नत्र ३ किलोंच्या आसपास, त्यामुळे किलोभराहून जास्त नत्र शिल्लक राहून पिकाला मिळतो. पाण्याखाली कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ मंद, नत्राची भूकही कमी, म्हणून खाचरात ही ओढाताण वरकस (पाणी न साचणाऱ्या, उताराच्या) जमिनीपेक्षा सौम्य असते.

कोकणात नत्र किती सुटतो यापेक्षा कधी सुटतो हा प्रश्न मोठा आहे. नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत जमीन कोरडी ठणठणीत. पहिल्या सरींनी ती भिजली की सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात आणि खनिज नत्राचा लोंढा येतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जमिनींवरून याचे वर्णन केले. त्यांच्या नावानेच हा परिणाम ओळखला जातो. पण त्या वेळी खाचर रिकामे असते, तरवा (भाताची रोपे) अजून वाफ्यातच. जांभ्याच्या मातीची नत्र धरून ठेवण्याची ताकद बेताची, त्यात दक्षिण कोकणात पाऊस ३००० मिलिमीटरांच्या घरात. नायट्रेट निचऱ्यावाटे वाहून जाते, नाहीतर पाणी तुंबल्यावर वायू होऊन उडते. लावणीनंतर पावसाने उघडीप दिली, खाचर सुकले आणि पुन्हा भरले, की हाच तोटा परत.

म्हणून बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडणे हे वेळेचे गणित जुळवणारे तंत्र आहे. कोवळा पाला लवकर कुजतो, त्यातला बराचसा नत्र पहिल्या काही आठवड्यांत सुटतो, आणि नेमकी तेव्हाच रोपे मूळ धरत फुटवे काढत असतात. जाड फांद्या मात्र बाजूला काढाव्यात. त्या लवकर कुजत नाहीत आणि लावणी करणाऱ्यांच्या पायांना टोचतात.

राबाची, म्हणजे रोपांचा वाफा भाजण्याच्या रीतीची, गोष्ट वेगळी. ऐन-किंजळ या झाडांची कवळे (तोडलेल्या पालेदार फांद्या), गवत, शेण वाफ्यावर पसरून भाजले की त्यांतला बहुतेक नत्र धुरावाटे जातो, एवढे खरे. तेवढ्यावरून राबाला सरसकट नावे ठेवणे मात्र घाईचे होईल. उष्णतेने तणाचे बी मरते, वरच्या थरातले सूक्ष्मजीवही मरतात आणि त्यांच्या शरीरातला नत्र पुढे मोकळा होतो. राखेने आम्लता उतरते, पालाश मिळते. टोला बसतो तो झाडांना, कारण थोड्याशा वाफ्यासाठी बरीच कवळे तोडावी लागतात.

आंबा-काजूचा पाला गिरिपुष्पाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्यात लिग्निन व टॅनिनसारखी कुजायला जड द्रव्ये भरपूर, नत्र कमी. कलमांच्या आळ्यात तो आच्छादन म्हणून उत्तम, ओल टिकवतो. त्याच हंगामात नत्र देईल ही अपेक्षा नको. करंजाची पेंड नत्राने समृद्ध, शिवाय तिच्यातले करंजिन हे द्रव्य अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालते. धो धो पावसाच्या मुलखात हा गुण नत्राच्या टक्केवारीइतकाच मोलाचा ठरतो.