झडपेवरची जंतूविना गुठळी

हृदयाच्या झडपेला सूज म्हटलं की आपल्याकडे आधी ऱ्हुमॅटिक ताप आठवतो, नाहीतर जंतुसंसर्ग. झडपेवर गाठी आहेत पण त्यांत जंतूच नाहीत, ही तिसरी शक्यता बहुतेकदा उशिरा सुचते. तोवर मेंदूत गुठळी गेलेली असते.

पॅरिसच्या आर्मां त्रूसोनं 1865 मध्ये कर्करोग आणि शिरांतल्या गुठळ्यांचा संबंध दाखवला. 1888 मध्ये एर्न्स्ट त्सीग्लरनं झडपांवरच्या फायब्रिनच्या (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिनाचे धागे) थरांचं वर्णन केलं. पुढे 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या लिबमन आणि सॅक्स यांनी चार रुग्णांच्या झडपांवर चामखिळीसारख्या गाठी नोंदवल्या. त्या गाठींचं नातं ल्युपसशी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराशी आहे, हे नंतर कळलं. ‘जंतूविरहित गुठळीजन्य हृदयास्तरदाह’ या अर्थाचं नाव 1936 मध्ये ग्रॉस आणि फ्रीडबर्ग यांनी दिलं. आजाराच्या नावात ‘दाह’ असला तरी मूळ दुखणं गुठळीचं आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

झडपेचं नाजूक अस्तर दुखावतं, रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, आणि तिथे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) व फायब्रिन साचतात. कारणं मुख्यतः दोन: स्वादुपिंड, फुफ्फुस, अंडाशय यांचा पसरलेला कर्करोग, आणि ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (शरीरानंच तयार केलेली, गुठळ्या वाढवणारी प्रतिपिंडं). गाठी बहुधा काही मिलिमीटरच्या, मायट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) आणि महाधमनीच्या झडपेवर. खाली पेशींचा दाह फारसा नसल्यामुळे त्या घट्ट चिकटत नाहीत, म्हणूनच सहज सुटतात. मग पक्षाघात, नाहीतर प्लीहा किंवा मूत्रपिंडाचा तुकडा मृत. एमआरआयवर मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत लहानमोठे अनेक ठिपके दिसले तर इथे शंका घ्यावी.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या जागांहून रक्ताचे तीन कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) घ्यावेत. आधीच डोस पडला की कल्चर कोरं येतं आणि मग जंतू नव्हते की दबले, हे ठरवता येत नाही. छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) लहान गाठी निसटतात; त्यासाठी अन्ननलिकेतून इको लागतो.

उपचार हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनचा. कर्करोगात वॉरफरिन ही त्याच कामाची गोळी अनेकदा अपुरी पडते, म्हणून एनॉक्सापॅरिन हा हेपरिनचाच प्रकार, नेहमीचा डोस किलोमागे 1 मिलिग्रॅम दर 12 तासांनी. मूत्रपिंड कमकुवत असेल तर कमी. मेंदूत मोठा झटका असेल तर आधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करायची. अँटिफॉस्फोलिपिडच्या रुग्णाला मात्र वॉरफरिनच. 2018 च्या चाचणीत, अँटिफॉस्फोलिपिडची तिन्ही प्रकारची प्रतिपिंडं असलेल्या रुग्णांमध्ये रिव्हॅरॉक्सॅबॅन या गुठळीविरोधी गोळीवर वॉरफरिनपेक्षा जास्त गुठळ्या झाल्यानं ती मध्येच थांबवावी लागली.