डिझायनर आणि बोर्डवाले (कोकण)

दुकान, खानावळ, दवाखाना किंवा होमस्टेच्या पाटीचे आर्टवर्क करणारा ग्राफिक डिझायनर आणि ती पाटी कापून, छापून भिंतीवर चढवणारा बोर्डवाला यांच्यातील कामाचा संबंध. कोकणात हे दोघे अनेकदा एका गावात नसतात. डिझायनर मुंबई-पुण्याला, बोर्डवाला चिपळूण, रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळला आणि पाटी लागायची मालवण-तारकर्लीला. भिंत डिझायनरने पाहिलेली नसते, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पूर्वी गावचा पेंटरच अक्षर आखायचा, रंगवायचा आणि शिडीही तोच लावायचा. होड्यांवरची नावे अजूनही ब्रशने लिहिलेली दिसतात. कटिंग प्लॉटर (संगणकावरून अक्षरे कापणारे यंत्र) आणि फ्लेक्सची छपाई आल्यावर अक्षर काढणारा आणि पाटी लावणारा वेगळे झाले.

या व्यवहारात सर्वांत जास्त हाल मराठी अक्षराचे होतात. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन चिन्हांची गिचमिड दिसते. म्हणून बोर्डवाला आधी सांगतो, ‘कर्व्ह करून पाठवा’, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवा, फॉन्ट लागायला नको. पण कर्व्ह केलेल्या फाइलमधली चुकलेली वेलांटी बोर्डवाल्याकडे सहज सुधारता येत नाही. त्यामुळे शुद्धलेखन त्याआधीच तपासावे लागते. ‘समुद्रकिनाऱ्यालगत’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्या’ हुकला की डोक्यावर रफार चढतो, ‘किनार्यालगत’ होते, आणि दहा फुटी पाटीवर ती चूक वर्षानुवर्षे टिकते. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाचे होणे ही तर रोजची गोष्ट.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने सर्व आस्थापनांना देवनागरीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. तरीही अनेक डिझायनर फक्त इंग्रजी लोगो पाठवतात. मग मराठी नाव बोर्डवाल्याचा ऑपरेटर शेवटच्या दिवशी हाताशी असलेल्या फॉन्टमध्ये बसवतो. लोगोवर महिनाभर खपायचे आणि मालकाच्या भाषेतले त्याचे नाव दहा मिनिटांत उरकायचे, हे बरोबर नाही. दोन्ही लिप्यांचे आर्टवर्क डिझायनरनेच द्यायला हवे.

सामानाच्या बाबतीत मात्र ऐकावे ते बोर्डवाल्याचे. किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वारा बारा महिने खारा. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपची फ्रेम वेल्डिंग केली की सांध्यावरचा जस्ताचा थर जळतो. तिथे प्रायमर नीट लागला नाही तर एका पावसात पांढऱ्या एसीपीवर (पाटीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर) गंजाचे तांबडे ओघळ उतरतात. स्टेनलेस स्टीलची अक्षरे ३०४ या ग्रेडची लावली तर समुद्राजवळ त्यांवर तपकिरी डाग धरतात. ३१६ ग्रेडचे महाग, पण टिकते. एलईडीचा पॉवर सप्लाय पाटीत न ठेवता शक्यतो घरात घ्यावा. पागोळ्या कुठे पडतात हे तर जागेवर गेल्याशिवाय कळतच नाही. हे सगळे रेखाटनाच्या आधी विचारले, तर डिझाइनच वेगळे होते: बारीक रेघा जातात, अक्षर जाड होते, पाटी पन्हळीखालून सरकते.

पैशाचा प्रश्न सहसा उघड बोलला जात नाही. बोर्डवाल्याचा हिशोब स्क्वेअर फुटावर असतो आणि त्यात ‘डिझाइन फ्री’ धरलेले असते. त्यामुळे डिझायनरचे बिल गिऱ्हाइकाला जास्तीचे वाटते. काही डिझायनर बोर्डवाल्याकडून टक्के घेतात. त्यापेक्षा दोघांनी आपापले बिल स्वतंत्र द्यावे. वाकडी लागलेली पाटी कोणी सरळ करायची, हा वाद त्याने बराच मिटतो. गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या स्वागताचे फ्लेक्स रात्रंदिवस छापले जातात. त्या दिवसांत कायमस्वरूपी पाटीचे काम देऊ नये.

वाचनीयतेचा ठोकताळा पाहणाऱ्याच्या दर १० फूट अंतरामागे १ इंच उंचीचे अक्षर असा आहे. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांसाठी जागा वेगळी सोडावी लागते. इंग्रजीच्या मापाने पट्टी काढली की उकार कापला जातो. जुने बोर्डवाले यावर सोपा उपाय करतात. नावातले एक अक्षर पूर्ण मापात कागदावर काढून भिंतीला चिकटवतात आणि मालकाला रस्त्यापलीकडे उभे करतात. त्याचा फोटो डिझायनरला गेला की माप ठरते.