काडतुसं उन्हात घालू नका

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना, म्हणजे बंदुकीच्या दारूचं कोठार, कसा राखावा याच्या सूचना आहेत. जागा सदरेपासून दूर असावी. तळघराला गच म्हणजे चुन्याची पक्की जमीन करावी, गचावर माच म्हणजे उंच मांडणी घालावी आणि त्यावर दारूची मडकी ठेवावीत. माल सर्द होऊ देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं. समुद्रात उभे असलेले किल्ले आणि चार महिने न थांबणारा पाऊस ज्यांच्या वाट्याला होता, त्यांनी अनुभवाने बसवलेली ही शिस्त होती, आणि ती अगदी बरोबर होती.

कोकणात ती अजून टिकून आहे. रानडुकरांपासून भात, नाचणी राखायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक आजही कितीतरी घरांत आहे. मे महिन्यात अंगणात आमसुलं, सांडगे वाळत पडले की त्याच उन्हात सुपात काडतुसंही मांडलेली मी पाहिली आहेत. आजोबा करायचे म्हणून नातूही करतो. पण आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीतली दारू वेगळी आणि नातवाच्या बारा बोअरच्या काडतुसातली वेगळी. दोघींचं जुनं होणंही वेगळं.

आजोबांची काळी दारू म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक यांची ७५, १५, १० या प्रमाणातली भुकटी. हे मिश्रण आहे, संयुग नव्हे. कोरडं ठेवलं तर तिन्ही घटक एकमेकांना काही करत नाहीत, त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची दारूही पेट घेते. तिचा शत्रू एकच, ओल. शुद्ध सोरा हवेतलं पाणी ओढून विरघळायला आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जावी लागते. देशावर असे दिवस क्वचित येतात, मालवण-देवगडकडे जुलैत त्यांचं नवल नसतं. सोऱ्यात मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी दमटपणाही पुरतो, आणि कोळसा सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो. एकदा भिजलेली दारू वाळवली तरी पूर्वीसारखी होत नाही. विरघळलेला सोरा वाळताना वेगळा होऊन त्याचे खडे धरतात, घट्ट मिसळलेले घटक सुटे होतात आणि बार फुसका जातो. म्हणून ओल शिरायच्या आतच ऊन द्यायचं. आठ-पंधरा दिवसांच्या त्या नियमामागचं रसायनशास्त्र हे.

नातवाच्या काडतुसातली बिनधुराची दारू मात्र मिश्रण नाही. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने ती प्रथम वापरण्याजोगी केली. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. यात इंधन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत बांधलेले असतात, आणि ही बांधणी मुळातच तकलादू आहे. डबा बंद असो, हवा कोरडी असो, तिच्यातले नायट्रेटचे गट एकेक करून तुटत राहतात आणि नायट्रोजनचे तांबूस वायू सुटतात. ओलाव्याचा अंश मिळाला की त्यांचं आम्ल बनतं. ते आम्ल पुढचे रेणू तोडतं, त्यातून आणखी आम्ल. मुख्य म्हणजे तापमान दर १० अंशांनी वाढलं की या मोडण्याचा वेग साधारण दोन ते चार पट होतो.

या दारूला पाण्याचं फारसं भय नाही, हे ऐकून माणसं चकित होतात. कारखाने नायट्रोसेल्युलोज पाण्याने किंवा अल्कोहोलने ओलं करूनच पाठवतात, कारण ओलं असतं तेव्हाच ते सुरक्षित. १२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनमधल्या तिआनजिन बंदरात मृत आणि बेपत्ता मिळून १७३ माणसं गेली. उन्हाळ्यात कंटेनरमधलं नायट्रोसेल्युलोज कोरडं पडलं, आपोआप तापलं आणि पेटलं, असं चौकशीत निघालं. कोरडेपणा आणि उष्णता! काळ्या दारूला आपण प्रेमाने द्यायचो ते नेमकं हेच.

फ्रेंच नौदलाने हा धडा आधीच घेतला होता. मार्च १९०७ मध्ये तुलाँच्या गोदीत ‘इएना’ या युद्धनौकेत स्फोट होऊन सुमारे १२० माणसं मेली. सप्टेंबर १९११ मध्ये त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ उडाली. दोन्ही वेळा संशय कोठारातल्या बिघडलेल्या दारूवर गेला. तिच्यात टिकाऊपणासाठी घातलेलं अमाइल अल्कोहोल हळूहळू उडून जायचं. त्याजागी डायफिनाइलअमाइन आलं. दारूत ते शेकडा एकच्या आसपास असतं, सुटलेले वायू पकडतं आणि तसं करताना स्वतः संपत जातं. इंग्रजांच्या कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूमध्ये हे काम न ठरवता झालं. बंदुकीच्या नळीला वंगण म्हणून त्यात ५ टक्के पेट्रोलियम जेली घातली होती, आणि तिनेच दारूही टिकवली.

म्हणजे जुन्या दारूचं वय वर्षांत मोजायचं नसतं. तिच्यात रक्षक रसायन किती उरलंय, यावर सगळं आहे. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली लष्करी दारू अमेरिकेत ब्रूस हॉजडन यांनी विकायला घेतली, आणि घरी काडतुसं भरणारे हौशी लोक ती पुढे कितीतरी वर्षं वापरत होते. थंड जागी बंद डब्यात राहिलेली दारू अर्धशतकही काढते. तीच आपल्याकडे कौलांखालच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या पडवीत ठेवली, तर एप्रिल-मेच्या दुपारी तिचं आयुष्य झपाट्याने सरतं. पावसाळ्यात सर्द होऊ नये म्हणून चुलीवरच्या फळीवर ठेवणं तर त्याहून वाईट.

बिघडलेली दारू ओळखता येते. चांगल्या दारूला ईथरसारखा गोडसर वास असतो, बिघडलेलीला नाकात झोंबणारा आंबूस. डब्यात तांबडी, गंजासारखी धूळ दिसते, झाकणाला आतून गंज चढतो, झाकण उघडताच तांबूस वाफ येते. पण वास आला नाही म्हणजे दारू ठणठणीत, असं समजू नका. कारखान्यात नमुना १३४.५ अंशांवर तापवून मेथिल व्हायोलेटच्या कागदाचा रंग किती वेळात बदलतो ते पाहतात. घरी अशी चाचणी होत नाही, आणि ती करू पाहूही नये.

केप म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेली, आघाताने पेटून दारूला ठिणगी देणारी टोपी. तिचं गणित पुन्हा निराळं. जुन्या लष्करी केपांमध्ये पाऱ्याचं फल्मिनेट असायचं. ते उष्णतेने मरत जातं, आणि बार उडाल्यावर सुटणारा पारा पितळात मुरून त्याला ठिसूळ करतो. पोटॅशियम क्लोरेटच्या केपा मिठासारखा क्षार नळीत सोडतात, आणि कोकणच्या हवेत तो रात्रीत पाणी ओढतो. नळीला नुसतं तेल लावून तो जात नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाही. आधी गरम पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग तेल. आजच्या केपांमध्ये बहुधा लेड स्टिफनेट असतं. ते ओलीला फारशी दाद देत नाही. भिजलेली केप मेली असं धरून हाताळणं म्हणूनच धोक्याचं, कारण वाळल्यावर ती उडू शकते.

आता काडतुसाच्या कवचाचं पितळ, आणि यातली गोष्ट आपल्याच देशातली. इंग्रजी फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवत आणि काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवत. पाऊस सरल्यावर पाहावं तर कितीतरी काडतुसांच्या कवचांना उभ्या चिरा! १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण उलगडलं. कवच ओढून घडवताना पितळात ताण उरतो, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत नेमका त्या ताणलेल्या जागी धातू फोडतो. उपाय म्हणून कवचं घडवल्यावर तापवून त्यांच्यातला ताण काढू लागले. आपल्याकडचा गोठा, मासळीचं खत, ओल लागलेलं युरियाचं पोतं, सगळ्यांतून अमोनिया सुटतो. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत काडतुसांची पेटी नको, ती एवढ्यासाठी. तोंडाशी बारीक चीर दिसली की ते काडतूस बाद.

कागदी नळीची जुनी बारा बोअरची काडतुसं फुगून नळीत शिरत नसतील, तर ती ठोकून बसवू नका. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. जुनी केप उशिराही पेटते.

वडिलांच्या पश्चात पेटीत नुसती दारू किंवा केपा सापडल्या, तर शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे काडतुसाचे सुटे भागही दारूगोळाच ठरतात, हे ध्यानात घ्या. दाण्यांच्या रंगारूपावरून दारूची जात कळत नाही, आणि चुकीच्या जातीची दारू नळी फोडते. म्हणून लेबल नसलेल्या डब्याचा उपयोग शून्य. तो विहिरीत टाकू नका, पुरू नका, चुलीत तर मुळीच नको. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळून ती मरते, नायट्रोसेल्युलोज मात्र विरघळत नाही आणि वाळलं की पुन्हा पेटतं. डबा आहे तिथेच, उन्हापासून दूर राहू द्या, झोंबरा वास येत असेल तर त्याला हात लावू नका, आणि पोलीस ठाण्यात कळवून ते सांगतील तसं करा.