मुलांमधला मोलस्कम आणि त्याचे उपचार

मोलस्कम कंटॅजिओसम हा लहान मुलांमध्ये खूप दिसणारा, एकापासून दुसऱ्याला होणारा त्वचेचा व्हायरल आजार. व्हायरस देवी रोगाच्या व्हायरसच्याच कुटुंबातला आहे, पण ते वाचून घाबरू नका, हा फक्त त्वचेच्या अगदी वरच्या थरात राहतो, शरीरात आत पसरत नाही. अंगावर २ ते ५ मिलिमीटरच्या गोल, टणक, मोत्यासारख्या चकचकीत पुटकुळ्या येतात आणि बऱ्याच पुटकुळ्यांच्या मधोमध बारीकसा खळगा असतो, डॉक्टर बहुतेक वेळा तेवढ्यावरूनच ओळखतात, रक्त तपासायची गरज पडत नाही.

लागण झाल्यावर पुटकुळी दिसायला साधारण २ ते ७ आठवडे लागतात, कधी ६ महिनेसुद्धा, त्यामुळे कुणाकडून आलं हे शोधत बसण्यात काही अर्थ नाही. त्वचेला त्वचा लागून पसरतो, टॉवेल किंवा कपड्यांवरूनही, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मूल स्वतःच खाजवतं आणि नखांनी व्हायरस शेजारच्या जागी नेतं. एक्झिमा असलेल्या मुलांना म्हणूनच जास्त त्रास होतो, त्वचा कोरडी, खाज सतत, मग पुटकुळ्या भराभर वाढतात. अशा वेळी एक्झिमाचं औषध डॉक्टरांना विचारून नीट चालू ठेवणं हा मोलस्कमच्या उपचाराचाच भाग आहे, हे बऱ्याच पालकांना कुणी सांगतच नाही.

आता मुख्य प्रश्न, उपचार करायचे की थांबायचं? मूल एरवी निरोगी असेल तर हे आपोआप जातं, बऱ्याचदा ६ ते १२ महिन्यांत, काहींना दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, क्वचित ४ वर्षांपर्यंत. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) कुठलाच एक उपचार ठामपणे सरस ठरला नाही, आणि इमिक्विमॉड हे औषध असलेलं क्रीम औषध नसलेल्या साध्या क्रीमपेक्षा चांगलं ठरलं नाही. म्हणून थांबणं म्हणजे हयगय नाही. पण मूल खाजेने हैराण असेल, पुटकुळ्या वाढतच असतील किंवा शाळेत चिडवाचिडवी होत असेल तर उपचार जरूर करावेत, त्यात काही चूक नाही.

क्युरेटाज म्हणजे बधिर करणारं क्रीम लावून छोट्या उपकरणाने पुटकुळी खरवडून काढणं, लगेच रिझल्ट मिळतो पण पुटकुळ्या खूप असतील तर लहान मुलाला ते झेपत नाही. लिक्विड नायट्रोजनने गोठवणं दुखतं आणि सावळ्या त्वचेवर फिकट किंवा काळे डाग राहू शकतात. कँथरिडिन हे फोड आणणारं औषध डॉक्टर स्वतः एकेका पुटकुळीवर लावतात, तिथे फोड येतो आणि पुटकुळी सुटून येते, लावताना दुखत नाही म्हणून मुलांना सोपं जातं, डोळ्यांजवळ मात्र लावत नाहीत. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये कँथरिडिनच्या एका औषधाला २ वर्षांपुढच्या मुलांसाठी मंजुरी दिली आणि २०२४ च्या जानेवारीत बर्डाझिमर जेलला, हे जेल घरीच रोज लावता येतं. अँटिबायोटिकने मोलस्कम जात नाही, ते फक्त खाजवून जखमेत बॅक्टेरिया शिरले तरच.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जायच्या आधी पुटकुळ्या बरेचदा लाल होतात, सुजतात, खाजतात, आणि पालक घाबरतात की आता पिकलं, पण खरं तर शरीराच्या प्रतिकारशक्तीने व्हायरस ओळखल्याची ती खूण असते. ताप असेल, लाली झपाट्याने पसरत असेल, पू येत असेल किंवा खूप दुखत असेल तर मात्र दाखवाच.

घरी पुटकुळ्या फोडायच्या नाहीत, आत व्हायरस भरलेला असतो. नखं बारीक कापा, टॉवेल वेगळा ठेवा, भावंडांना एका टबात आंघोळ घालू नका. शाळा बंद करायची गरज नाही, पोहतानाही पुटकुळ्या वॉटरप्रूफ पट्टीने झाकल्या तर चालतं. पापणीवर किंवा डोळ्याच्या कडेला पुटकुळी असेल तर डोळा लाल होऊन चुरचुरतो, तेव्हा घरचे उपाय न करता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. पुटकुळ्या खूप मोठ्या किंवा अंगभर असतील तर प्रतिकारशक्ती कमी आहे का हे डॉक्टर बघतात. सगळ्या पुटकुळ्या गेल्या की व्हायरस कांजिण्यांसारखा शरीरात लपून राहत नाही, मात्र पुन्हा कुणाकडून लागण होऊ शकते.