किडनीचे बीपी आणि भुलीचा वायू

किडनीच्या आजाराने बीपी चढलेल्या माणसाचे ऑपरेशन ठरले की घरच्यांना धास्ती असते बीपी वाढण्याची. भूलतज्ज्ञ तयारीत असतात ते बीपी कोसळण्याच्या.

रक्तपुरवठा कमी पडला की किडनी रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन बनते, रक्तवाहिन्या आवळतात, अंगात मीठ-पाणी साठते. कुत्र्याच्या किडनीची धमनी चिमट्याने अरुंद केली की बीपी चढते, हे अमेरिकन डॉक्टर गोल्डब्लाट यांनी 1934 साली दाखवले. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे भुलीचे वायू याच आवळलेल्या वाहिन्या सैल करतात. शरीरातून ते मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडतात, किडनीवर अडून राहत नाहीत; ही मोठीच सोय. पण भुलीत वाहिन्यांवरची मज्जातंतूंची पकडही सुटते आणि बीपी सावरायला उरते ती रेनिनची साखळी. सकाळी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही साखळी अडवणारी बीपीची गोळी घेतलेली असेल तर तीही तुटते. मग वरचे बीपी 160 वरून बघता बघता 80 वर येते आणि नुसत्या सलाइनने भागत नाही, वाहिन्या आवळणारे इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून या गोळ्या सहसा 24 तास आधी थांबवतात. मेटोप्रोलॉल ही नाडी मंद करणारी बीपीची गोळी मात्र चालूच ठेवतात. ती अचानक सोडली तर नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. कोणती गोळी घ्यायची, हे भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्यावे.

वायूही बेताबेताने वाढवतात. सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या बीपीमधला आकडा) 65 च्या खाली जाऊ देत नाहीत. वर्षानुवर्षे चढ्या दाबाला सरावलेल्या किडनीला तेवढाही पुरत नाही, म्हणून रोजच्या दाबापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त घसरण नको. डायलिसिस शक्यतो आदल्या दिवशी करतात. त्याच सकाळी केले तर अंगातले पाणी कमी झालेले असते आणि वायू सुरू होताच दाब ढासळतो.

आपल्या कोकणात आजाऱ्याला मायेने शहाळे देतात. किडनीच्या रुग्णाला ते देऊ नका. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. रक्तात ते साचले तर हृदयाचे ठोके बिघडतात, ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. सुक्या बांगड्यातले मीठ बीपी चढवते, तोही बंद. उकड्या तांदळाची पेज पातळ असली तरी ते अन्नच, भुलीआधी 6 तास ती नको.

डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा ऑपरेशनने केलेला जोड) असलेल्या हाताला बीपीचा पट्टा किंवा सुई लावू देऊ नका. बीपी घसरले की फिस्टुलात गुठळी होऊ शकते. वॉर्डात आणल्यावर त्यावर बोटे ठेवून थरथर लागते का बघा. लागली नाही तर लगेच सिस्टरांना बोलवा.