केसांचं औषध लागू पडेनासं झालं? पॅच घेण्याआधी हे वाचा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्ही जळगावात केसांचे पॅच (टकलाच्या जागेवर बसवायचे तयार केस) आणि विग बनवून देतो, बसवून देतो आणि नंतर त्यांची देखभालही करतो. धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, रावेर, शहादा असे सगळीकडून लोक येतात. बहुतेकांनी आधी डोक्याला औषध लावलेलं असतं, गोळ्या खाल्लेल्या असतात आणि आता कंटाळा आलेला असतो. मग प्रश्न येतो, "भाऊ, आते काय करानं?" त्याचं उत्तर दर वेळी "पॅच घ्या" असं नसतं. काहींना आम्ही परत डॉक्टरांकडे पाठवतो, काहींना सरळ सलूनमध्ये. दुकानदाराने असं लिहिणं विचित्र वाटेल, पण घाईत घेतलेला पॅच चार महिन्यांत कपाटात जातो आणि तो माणूस चारचौघांत आमचंच नाव खराब करतो.

नक्की काय थांबलंय?

"औषध चालत नाही" असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं एकच नसतं. काहींनी औषधाला पुरेसा वेळच दिलेला नसतो. डोक्यावरचा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात, कारण गळायच्या बेतात असलेले केस लवकर बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी नवे येऊ लागतात. नेमके याच वेळी घाबरून लोक बाटली बंद करतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, नीट अंदाज यायला वर्ष. दोन दिवस लावलं, आठवडा सुट्टी, तेलाच्या थरावर दोन थेंब टाकले, असं वापरून औषधाला नावं ठेवू नयेत.

दुसऱ्या प्रकारचे ग्राहक आमच्याकडे सर्वांत जास्त येतात आणि खरी गफलत तिथेच होते. त्यांचं औषध काम करत असतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. घराण्यातून आलेलं टक्कल एका जागी थांबणारं नसतं, ते वर्षागणिक पुढे सरकतं. औषधाने ते आहे तिथे धरून ठेवलं, तर तेच त्याचं यश. नवीन केस आले नाहीत म्हणून बंद केलं, की मिनॉक्सिडिलने टिकवलेले केस तीन-सहा महिन्यांत जातात आणि फिनास्टेराइड या गोळीचा फायदा वर्षभरात ओसरतो. दोन्ही औषधं एकाच दिवशी बंद करणाऱ्याला तर कोणतं लागू पडत होतं हेही पुढे कळत नाही.

हे ओळखायला आरसा कामाचा नाही, फोटो लागतात. दर तीन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचे तीन फोटो घ्या: कपाळ समोरून, टाळू वरून, भोवरा मागून. बायकांनी मधला भांग पाडून वरून घ्यावा. मोबाईलचा ब्युटी मोड बंद ठेवा. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातला फोटो आणि आजचा सेल्फी यांची तुलना करून काही ठरत नाही. वर्षभराचे असे फोटो शेजारी ठेवल्यावर टाळू तेवढीच दिसत असेल, तर औषध काम करतंय असं समजा.

आणि तिसऱ्या प्रकारात खरोखरच हद्द संपलेली असते. जिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली आणि बारीक लवही उरली नाही, तिथे बाटलीने सहसा काही उगवत नाही.

मूळ कारण वेगळं असलं तर

टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा झपाट्याने उतरवलेलं वजन, यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने केस गळतात आणि सहसा सहा महिन्यांत सावरतात. यावर पॅच विकणं म्हणजे लबाडी होईल. बायकांमध्ये रक्त कमी असणं आणि थायरॉइड ही कारणं वारंवार निघतात, त्याची तपासणी आधी व्हावी. चाई (गोल चट्ट्यांत केस जाणं) हा तर वेगळाच आजार आहे. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, आणि त्याची औषधं टकलाच्या औषधांपेक्षा वेगळी आहेत. लसूण घासून कातडी जाळून घेऊ नका.

२०२५ च्या जानेवारीत शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस बघता बघता झडले होते, ते आठवत असेल. संशय जास्तीच्या सेलेनियम या खनिजावर गेला आणि बऱ्याच जणांचे केस नंतर परत आले. सेलेनियम शरीराला हवं असतं, पण अगदी थोडं. जास्त झालं की केस आणि नखं जातात. म्हणून "केसांच्या गोळ्या" दोन-तीन कंपन्यांच्या एकदम खाऊ नका. त्यातल्या बायोटिन या जीवनसत्त्वाचा डोस मोठा असेल तर थायरॉइडच्या रिपोर्टचा आकडाही चुकू शकतो, रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

डोक्याला आग होणं, खवल्या, पू, लालसर कडा असलेले चट्टे, यांपैकी काहीही असेल तर आम्ही माप घेत नाही. काही आजारांत केसांचं मूळच कायमचं नष्ट होतं, तिथे महिनाभराची दिरंगाईही महागात पडते. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या त्वचारोगाच्या ओपीडीत केस पेपर काढा.

डॉक्टरांना काय विचारायचं

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून ते डोक्यावर आलं. लावायच्या औषधाला अमेरिकेत १९८८ साली मंजुरी मिळाली. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ ची. ती टकलाला कारण होणारं डीएचटी हे संप्रेरक कमी करते, त्यामुळे दोघांची कामं वेगळी आहेत. एकच चालू असेल तर दुसरं जोडता येईल का, मिनॉक्सिडिलची टक्केवारी बदलायची का, हे विचारा. हे विचारलेलंच नसेल तर "सगळं करून पाहिलं" असं म्हणता येत नाही.

फिनास्टेराइड मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी येतात, काहींना मन उदास वाटतं. ते लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. गरोदर बाईने किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने ही गोळी घ्यायची नाही, फुटलेली गोळी हाताळायचीही नाही. पन्नाशीपुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण तिने तो आकडा साधारण निम्म्यावर येतो.

ट्रान्सप्लांट: सर्वांत मोठा गैरसमज

"गोळ्या-औषधांचा वैताग आला, एकदाचं ट्रान्सप्लांट करून टाकतो." हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. हिशेब उलटा आहे. ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत. एका वाफ्यातली रोपं उपटून दुसऱ्यात लावावीत तसे मागचे केस पुढे येतात, एवढंच. मागून आणलेले केस टिकतात, पण त्यांच्या आजूबाजूचे तुमचे मूळचे केस पहिल्यासारखेच गळत राहतात. औषध बंद केलंत तर काही वर्षांनी पुढे एक पट्टा दाट आणि त्यामागे मोकळं मैदान, असं दिसू शकतं. म्हणजे ट्रान्सप्लांट करूनही बहुतेकांना औषध चालू ठेवावंच लागतं. औषधाचा कंटाळा हे ट्रान्सप्लांटचं कारण होऊ शकत नाही.

मागचा साठाही मोजकाच असतो. बावीस-तेविसाव्या वर्षी, टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज नसताना, तो कपाळाची रेघ खाली आणण्यात संपवला तर चाळिशीत टाळूसाठी काही उरत नाही. करायचंच असेल तर ऑपरेशन कोण करणार, डॉक्टर की नुसता टेक्निशियन, हे तोंडावर विचारा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि व्हिडिओ बघून शिकलेल्यांनी हे करू नये असं त्यात स्पष्ट आहे. पूर्ण परिणाम दिसायला नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणून तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तासाठी दिवाळीत ऑपरेशन करून उपयोग नाही.

पॅच: आमचा माल, त्याच्या खोडीसकट

माप असं घेतो: डोक्यावर प्लास्टिकची पातळ पन्नी ताणून बसवायची, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे थर द्यायचे, मग मार्करने टकलाची हद्द आखायची. पन्नी उचलली की तुमच्या डोक्याचा साचा हातात येतो. भोवरा कुठे, केस कोणत्या बाजूला वळतात, पांढरे किती, हे त्याच्यावरच लिहितो.

खरी परीक्षा मे महिन्यात. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, घाम कपाळावरून उतरतो आणि पॅच चिकटवलेली पुढची टेप सर्वांत आधी सुटते. बेस म्हणजे ज्यावर पॅचचे केस बसवलेले असतात तो थर. लेसच्या, म्हणजे बारीक जाळीच्या बेसला हवा लागते, पण तो नाजूक. पीयूचा (प्लास्टिकसारख्या पातळ कातडीचा) बेस पुसायला सोपा, पण त्याखाली घाम साचतो. शेतात किंवा मोटारसायकलवर दिवस काढणाऱ्याला आम्ही मधे मोनो (लेसपेक्षा मजबूत जाळी) आणि कडेला पीयू असा बेस सुचवतो, आणि उन्हाळ्यात टेप आठवड्याला बदलायची तयारी ठेवायला सांगतो. पॅचचे केस खरे असले तरी त्यांना मुळातून तेल मिळत नाही, म्हणून उन्हाने ते तांबूस पडतात आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्याने राठ होतात. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. (त्याच पाण्याने टक्कल पडतं का, असंही विचारतात. नाही. केस राठ होतात, तुटतात. मूळ जात नाही.)

डकवलेल्या पॅचखाली रोज मिनॉक्सिडिल लावता येत नाही. औषध चालू ठेवायचं असेल तर रात्री काढून ठेवायचा क्लिपचा पॅच बघा, पण क्लिपची जागा बदलत राहा. तीच जागा सतत ओढली गेली तर तिथलेही केस जातात. पॅच पहिल्यांदा चिकटवण्याआधी टेपचा तुकडा दंडाच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघायला देतो. खाज सुटली तर तो गोंद तुमच्यासाठी नाही.

पॅच कायमचा नसतो. वापरानुसार सहा महिने ते वर्षभर टिकतो, लेसचा त्याहूनही कमी. म्हणून एका पॅचची किंमत न विचारता टेप, सर्व्हिसिंग आणि पुढचा पॅच धरून वर्षाचा खर्च विचारा. तो झेपत नसेल तर घेऊ नका.

केमोथेरपी सुरू होणार असेल तर केस जाण्याआधीच या, म्हणजे रंग आणि वळण जुळवता येतं. ताईंसाठी वेगळी खोली आहे, माप बाईच घेते.

काहीच न करणं

हाही पर्याय आहे आणि तो सर्वांत स्वस्त. बाजूचे केस बारीक मारले किंवा डोकं पूर्ण गुळगुळीत केलं तर बऱ्याच जणांना पॅचपेक्षा चांगलं दिसतं. दुकानात मशीन आहे, मारून बघा, आवडलं नाही तर काही महिन्यांत पूर्ववत. उन्हात मात्र टोपी किंवा रुमाल हवाच.

मुलगी बघायला जायचं म्हणून पॅच हवा असलेली मुलं येतात. पॅच घाला, आमची हरकत नाही. पण सुपारी फुटण्याआधी समोरच्यांना सांगून टाका. लग्नानंतर उशीवर कळण्यापेक्षा ते बरं, आणि त्या भांडणात बिल घेऊन आमच्याकडे येणारे पाहुणे आम्हाला नको आहेत.

येताना

चालू औषधांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि असतील तर दर तीन महिन्यांचे फोटो आणा. फोटो नसतील तर पहिला आम्ही काढून देऊ आणि वर्षभर औषध नीट झालेलं नसेल तर तीन महिन्यांनी परत बोलावू. सल्ल्याचे पैसे घेत नाही. एप्रिल-मेमध्ये लगीनसराईची गर्दी असते, तेव्हा मापासाठी आधी वेळ ठरवून या.