स्मार्ट कापड: इलेक्ट्रॉनिक्स नेमके कुठे आहे?

जरीच्या धाग्यात सुताभोवती धातूची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, म्हणजे वीज वाहून नेणारा धागा आपल्याकडे जुनाच. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कापडावर सर्किट बांधताना भारतात विणले जाणारे असेच रेशमी ऑर्गेंझा, म्हणजे पातळ, पारदर्शक कापड, वापरले गेले. त्यात उभे धागे निव्वळ रेशमाचे आणि आडवे धातू गुंडाळलेले, त्यामुळे वीज फक्त आडव्या धाग्यांतून धावते.

पुढचा सगळा गोंधळ ‘स्मार्ट’ या शब्दाने घातला. तापमानानुसार रंग बदलणाऱ्या कापडात इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नसते, तरी ते स्मार्टच. २०११च्या एका युरोपीय दस्तऐवजाने रेघ आखली: नुसते वीज वाहणारे कापड ‘कार्यात्मक’, भोवतालच्या बदलाला प्रतिसाद देणारे ‘स्मार्ट’. ही व्याख्या उपयोगी आहे, पण कापड काय करते एवढेच ती सांगते. इलेक्ट्रॉनिक्स तंतूत आहे, धाग्यात आहे की कापडावर शिवले आहे, हा खरा प्रश्न तसाच राहतो. बोलताना आपण तंतू आणि धागा एकच धरतो, तिथेच फसगत होते. अनेक तंतू पिळले की धागा होतो.

२००० साली युरोपात विकायला आलेल्या जॅकेटातले फोन आणि संगीताचे यंत्र धुण्याआधी काढून ठेवावे लागे. २०१७च्या डेनिम जॅकेटात बाहीच्या कडेला वाहक धागे खरोखर विणलेले होते, पण बॅटरी आणि फोनशी बिनतारी जोडणारा रेडिओ ‘टॅग’ नावाच्या वेगळ्या, काढता येणाऱ्या छोट्या उपकरणातच. २०२३ मध्ये जॅकेट चालवणारे फोनवरचे ॲप बंद झाले आणि बाहीचे उरले ते फक्त कापड. माझ्या मते या दोन्हींना ‘तंतूतले इलेक्ट्रॉनिक्स’ म्हणणे चूक आहे.

ते नाव शोभते २०१८च्या प्रयोगाला. प्लॅस्टिकच्या जाड कांडीत बारीक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे इलेक्ट्रॉनिक भाग) बसवले, बाजूच्या पोकळ्यांतून धातूच्या तारा सोडल्या आणि कांडी तापवून, ऑप्टिकल फायबर बनवतात तशी, तिचा लांब तंतू होईपर्यंत ओढली. कांडी बारीक होत गेली तशा तारा डायोडकडे सरकल्या आणि शेवटी त्यांना टेकल्या. सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडणे, कुठेच नाही! त्या तंतूंचे कापड दहा धुण्यांनंतरही चालले. २०२१ मध्ये एकाच तंतूत शेकडो सिलिकॉन चिप ओवल्या गेल्या आणि त्यात माहिती साठवता आली. तंतूला हुकूम देणारे छोटे यंत्र मात्र तेव्हाही बाहेरच होते.